हवा, सोने आणि बंद लखोटे

इ. स. १८८७ च्या फेब्रुवारीत पुणे मुक्कामी डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेऊन त्या काही महिन्यांपूर्वीच स्वदेशी परतल्या होत्या, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. त्यांच्या मृत्यूच्या पाचच वर्षे आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक, रोगी स्वतः डॉक्टर, आणि उपाय मात्र कोणापाशीही नाही. अशा स्थितीत रोग्याचे आप्त काय करतात? जो कोणी ‘उपाय सापडला’ म्हणेल त्याच्याकडे धाव घेतात. फुप्फुसांच्या रोगांचा पुढील सव्वाशे वर्षांचा वृत्तांत पाहिला, तर त्यात औषधांच्या शोधाइतकाच आणखी एक शोध चाललेला दिसतो : ‘उपाय सापडला’ हे वाक्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, तर ते खरे केव्हा मानावे?

पहिली ठेच लागली ती खुद्द कॉख यांच्यामुळेच. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी क्षयजंतूंची वाढ रोखणारे द्रव्य आपणांस सापडल्याचे सांगितले. पुढे ट्युबरक्युलिन या नावाने जे प्रसिद्धीस आले ते हेच. ज्याने जंतू दाखविला त्याच्या शब्दावर अविश्वास कोणी ठेवावा? युरोपभरचे क्षयरोगी बर्लिनकडे लोटले. औषध कशाचे बनविले आहे ते मात्र कॉख यांनी पुढील वर्षापर्यंत गुप्तच ठेवले. त्या गर्दीत इंग्लंडमधील एक तरुण डॉक्टर होता, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सच्या कथांमुळे आज तो सर्वांच्या परिचयाचा आहे. व्याख्यानाच्या दालनात त्याला प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्याने एका अमेरिकन डॉक्टराची टिपणे मागून घेतली, रुग्णालयात जाऊन रोगी पाहिले, आणि लंडनच्या वृत्तपत्रास कळविले की, हा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही. १८९१ च्या आरंभी वृद्ध विर्खो यांनी इंजेक्शने घेऊन मेलेल्या रोग्यांची शवे तपासून दाखविली : रोग हटण्याऐवजी फुप्फुसांत नव्या गाठी उठल्या होत्या. ट्युबरक्युलिन पुढे उपयोगी पडले ते रोग ओळखण्याच्या कामी, बरा करण्याच्या कामी नव्हे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव पाठीशी असल्यामुळे निरीक्षण करण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती.

औषध नाही म्हटल्यावर उरली ती हवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत हेर्मान ब्रेमर याने डोंगरावरील हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर क्षयरोगी ठेवावयास सुरुवात केली, आणि ही कल्पना जगभर पसरली. सातारा जिल्ह्यात पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम उघडले. सांगलीकरांना अधिक परिचयाची ती वानलेसवाडी. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, आरंभी सांगलीत राहिले आणि मग मिरजेस जाऊन तेथे १८९४ साली त्यांनी रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती एवढी झाली की, दूरदूरचे रोगी आगगाडीने मिरजेस येऊ लागले. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम झाले त्याला त्यांचेच नाव मिळाले. कोरडी हवा, रांगेने मांडलेल्या खाटा, दूध-अंडी, ठरलेल्या वेळी ताप पाहणे, आणि महिनोन् महिने पडून राहणे. घरचा कर्ता पुरुष अशा ठिकाणी वर्ष-दीड वर्ष राहिला, तर मागे घरात काय उरत असेल, ते मध्यमवर्गीय कुटुंबांना सांगावयास नको. दागिने मोडत, शेत गहाण पडे, मुलांच्या शाळा सुटत.

हा सारा त्याग ज्या हवेसाठी करावयाचा, ती हवा रोग बरा करते हे ठरविले कोणी? अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो या डॉक्टराने, जो स्वतः क्षयी होता, सशांवर एक टुमदार प्रयोग करून १८८७ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध केला. पंधरा ससे घेतले. पाचांना क्षयजंतू टोचून अंधाऱ्या, कोंदट जागी अपुऱ्या खाद्यावर ठेवले. पाचांना जंतू न टोचता तशाच वाईट जागी ठेवले. उरलेल्या पाचांना जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडले. कोंडलेल्या रोगी सशांपैकी चार मेले, बेटावरच्या पाचांपैकी चार निरोगी राहिले, आणि नुसते कोंडलेले जगले. प्रयोग सरळ व प्रामाणिक होता. तुलना कोणाशी करावयाची हेही त्यात आधीच ठरले होते. पण पाच-पाच सशांवरून कोट्यवधी माणसांविषयी निष्कर्ष काढण्यात आला. माणसांच्या बाबतीत हाच प्रश्न अशाच रीतीने विचारला जाण्यास आणखी जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात पुरावा म्हणून पुढे येत ते जगभरच्या आरोग्यधामांचे वार्षिक अहवाल. इतके दाखल झाले, इतके सुधारून घरी गेले. हे आकडे खोटे नसत. परंतु मॅट्रिकच्या जमान्यातील एखादी शाळा कच्च्या मुलांचे अर्जच पुढे पाठवीत नसे, आणि मग निकाल शेकडा नव्वद लागला म्हणून पाटी लावी, त्यातलाच हा प्रकार. पुष्कळ आरोग्यधामे रोगाच्या पहिल्या अवस्थेतील रोगी पसंत करीत. जे खंगलेले असत त्यांना जागा मिळणे कठीण. शिवाय रोग्याची मोजणी होई ती तो दारातून बाहेर पडला त्या दिवशी. पुढे दोन वर्षांनी तो गावी वारला, तर त्याची नोंद अहवालात कशी यावी? आणि तोच रोगी घरी राहता तर काय झाले असते, हा तर प्रश्नच कोणी काढीत नसे. क्षयाचे काही रोगी काहीही न करता बरे होतात, काही सर्व काही करून जात नाहीत तोच पुन्हा पडतात. अशा लहरी रोगात नुसती बऱ्या झालेल्यांची यादी पाहून काहीही सिद्ध करता येते.

तुलनेची ही रीत आपल्याकडे अगदीच अपरिचित होती असेही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी तयार केलेल्या लशीचा पडताळा १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या तुरुंगात पाहण्यात आला. काही कैद्यांनी टोचून घेतले, काहींनी नाही, आणि दोहोंतील प्लेगचे रोगी मोजले गेले. यावर शंका घेता येते : स्वतःहून पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी हे मुळातच सारखे कशावरून? त्याचे उत्तर पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावी शोधण्यात आले. तेथे घरोघरच्या माणसांचे दोन भाग करून निम्म्यांना टोचण्यात आले, म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुष्कळ युरोपीय रुग्णालयांना जे अद्याप सुचले नव्हते ते एका खेडेगावात घडून गेले होते.

आता सोन्याची गोष्ट. १९२४ साली कोपनहेगनच्या मोलगार्ड यांनी सोन्याचा एक क्षार, सॅनोक्रिसिन, क्षयावर गुणकारी म्हणून पुढे आणला. सुवर्णभस्मावर श्रद्धा असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटावयाचे कारण नाही. पण युरोप-अमेरिकेतही सोन्याची इंजेक्शने भराभर रूढ झाली. मूत्रपिंडे बिघडत, अंगावर पुरळ उठे. तरी औषध जालीम असल्याचीच ती खूण समजली जाई. या प्रकाराला अमेरिकेत डेट्रॉईटजवळच्या एका आरोग्यधामात अँबरसन, मॅकमाहन व पिनर या तिघांनी खीळ घातली. त्यांनी २४ रोगी निवडले, एकमेकांशी जुळतील अशा रीतीने बारा-बारांचे दोन गट केले, आणि कोणत्या गटाला सोने द्यावयाचे ते नाणे उडवून ठरविले. दुसऱ्या गटाला शुद्ध पाण्याची इंजेक्शने दिली. आपण कोणत्या गटात आहोत हे रोग्यांस ठाऊक नव्हते. १९३१ साली निष्कर्ष छापून आला : सोन्याने गुण तर आला नाहीच, उलट अपाय झाला. हे वाचून सर्वांनी सोने टाकून दिले असे मात्र झाले नाही. युरोपात पुढेही बरीच वर्षे ते चालू राहिले. चोवीस रोग्यांचा एक निबंध आणि शेकडो डॉक्टरांचा ‘आमचा अनुभव’ यांत अनुभवाचे पारडे जड ठरले.

डॉक्टरांना आकडे वाचावयास शिकविले पाहिजे, हे ज्याने ओळखले तो गृहस्थ डॉक्टर नव्हता. डॉक्टर व्हावयाचे त्याचे राहून गेले होते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा पहिल्या महायुद्धात नाविक दलाच्या विमानखात्यात असताना क्षयाने आजारी पडला. कित्येक वर्षे अंथरुणात व विश्रांतीत गेली, वैद्यकाचे शिक्षण दुरावले. त्याने टपालाद्वारे अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळविली आणि तेथून तो संख्याशास्त्राकडे वळला. १९३७ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्याने डॉक्टरांसाठी सोप्या भाषेत एक लेखमाला लिहिली. तुलनेचे दोन गट सारखे आहेत काय, मधूनच निघून गेलेल्यांचे काय झाले, हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असणे शक्य आहे काय, असे प्रश्न तीत होते. गंमत अशी की, रोगी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकून, वाटावेत, ही त्याची आवडती कल्पना त्याने तेव्हा हेतुपुरस्सर सांगितली नाही. डॉक्टर बिचकतील आणि तुलनेपासूनच दूर पळतील अशी त्याला धास्ती होती, असे त्याने मागाहून कबूल केले. जुन्या पंतोजींनाही हा धोरणीपणा पसंत पडला असता.

चिठ्ठीची ही कल्पना मूळची शेतीतील. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले होते की, कोणत्या वाफ्याला कोणते खत घालावयाचे ते माणसाच्या पसंतीवर सोडले, तर चांगली जमीन नकळत आवडत्या खताच्या वाट्याला जाते. आपल्याकडे पिकाचा अंदाज काढताना शेते अशीच यदृच्छेने निवडावीत, हा आग्रह ज्यांनी धरला त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रेसर होते. पाटलाने दाखविलेले शेत कापून तालुक्याचा उतारा ठरविणे, आणि डॉक्टराने निवडलेल्या रोग्यावरून औषधाचा गुण ठरविणे, यांत एकच चूक आहे.

हिलला संधी मिळाली ती टंचाईमुळे. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांस स्ट्रेप्टोमायसिन सापडले. युद्धाने खचलेल्या ब्रिटनजवळ ते विकत घ्यावयास पुरेसे डॉलर नव्हते. जे थोडे मिळाले ते सर्वांना पुरण्यासारखे नव्हते. तेव्हा १९४६ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने ठरविले की, दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले तरुण रोगी घ्यावेत, आणि कोणाला औषध द्यावयाचे ते बंद लखोट्यांनी ठरवावे. रोगी योग्य म्हणून नक्की झाल्यावरच त्याच्या क्रमांकाचा लखोटा फोडावयाचा; आत लिहिलेले असे ते औषध अथवा नुसती विश्रांती. कोणाचा वशिला नाही, कोणाची दया नाही. विश्रांतीच्या गटातील रोग्यांना आपण एका प्रयोगात आहोत हे सांगण्यात आले नव्हते. आज हे कोणी चालू देणार नाही, आणि देऊही नये. क्ष-किरणांची चित्रे वाचणाऱ्या तिघा तज्ज्ञांना रोगी कोणत्या गटातील हे कळू दिले नव्हते. उत्तरपत्रिकेवरील नाव दुमडून झाकल्यावर परीक्षकाचा हात जसा सरळ चालतो, तसेच हे.

३० ऑक्टोबर १९४८ रोजी निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील ५५ पैकी ४ दगावले, दुसऱ्या गटातील ५२ पैकी १४. मंडळी येथेच थांबली असती, तर ही केवळ विजयाची कथा झाली असती. पण त्यांनी त्याच रोग्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला, आणि १९५४ साली वॉलेस फॉक्स व त्यांचे सहकारी यांनी पुढचे आकडे छापले : ५५ पैकी ३२ मृत, आणि ५२ पैकी ३५. प्रारंभीचा तो मोठा फरक जवळजवळ विरघळून गेला होता. एकट्या औषधाने बहुतेक जंतू मेले, तरी जे थोडे त्याला दाद न देणारे होते ते फोफावले. सुदैवाने याचा सुगावा आधीच लागला होता, आणि दोन औषधे एकत्र दिली असता जंतू असे निर्ढावत नाहीत, हे १९५० साली तशाच लखोट्यांच्या रीतीने दिसून आले होते. १९५२ पासून आयसोनियाझिड हे स्वस्त औषधही हाती आले.

हेच फॉक्स १९५६ साली मद्रासेस आले. भारत सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मंडळ यांच्या साह्याने तेथे क्षयोपचाराचे केंद्र काढले होते. प्रश्न तोच, जो ट्रूडोने सशांना विचारला होता. मद्रासच्या गरीब वस्तीतील रोग्यांपैकी काहींना लखोट्यांच्या रीतीने आरोग्यधामात पाठविले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवले. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. आरोग्यधामात विश्रांती होती, सुग्रास अन्न होते, परिचारिका होत्या. घरी यांतले काहीच नव्हते. घरचा रोगी गोळ्या खरोखर घेतो की नाही, हे पाहण्यासाठी अकस्मात भेटी देत, लघवी तपासत. १९५९ साली निष्कर्ष आला : वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरातील शेकडा ८६ रोग्यांचा रोग शमला होता. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले, हे खरे. पण रोग हटण्याच्या कामी हवा आणि दूध-अंडी यांनी विशेष भर घातली नाही. घरच्या माणसांना संसर्ग अधिक होईल ही सर्वांत मोठी भीती होती. त्यांचाही पाच वर्षे मागोवा घेतला, आणि ती भीती खरी ठरली नाही.

या निबंधाने जगभरच्या आरोग्यधामांचा पायाच काढून घेतला. पाचगणी असो की वानलेसवाडी, ज्यांनी तेथे निष्ठेने रोगी सांभाळले त्यांचा यात कमीपणा नाही. ज्या काळी औषधच नव्हते त्या काळी त्यांनी निराधार रोग्याला खाट, अन्न आणि माणुसकी दिली. परंतु १९५९ नंतर शेत गहाण टाकून हवा विकत घेण्याचे कारण उरले नव्हते, आणि सांगली-साताऱ्याच्या सामान्य कुटुंबांना या एका निबंधाने जेवढे वाचविले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्याने वाचविले असेल.

मात्र त्या निबंधात एक ‘जर’ होता, आणि तो पुष्कळांनी वाचलाच नाही. घरी उपचार पुरेसे आहेत, जर रोग्याला औषध नियमित पोचविणारी व त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था असेल तर. १९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला, पण ही व्यवस्था मागेच राहिली. रोगी बरे वाटताच गोळ्या सोडीत, आणि त्यांना शोधावयास कोणी जात नसे. १९९२ साली कार्यक्रमाची तपासणी झाली तेव्हा हे उणे उघडे पडले. १९९७ पासून देखरेखीखाली औषध देण्याची सुधारित योजना आली.

२०२० साली फुप्फुसांना ग्रासणारा कोविड आला, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची सारी चित्रे पुन्हा दिसू लागली. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्लाझ्मा रोग्याला द्यावा, ही कल्पना मनाला पटणारी होती. अमेरिकेत पस्तीस हजारांवर रोग्यांना तो देऊन अहवाल निघाला, पण त्यात प्लाझ्मा न दिलेल्यांचा गटच नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रोगी घेऊन ते यदृच्छेने वाटले. ऑक्टोबर २०२० मध्ये छापलेला निकाल असा : रोग बळावला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्मा मिळालेल्यांत शेकडा १९, न मिळालेल्यांत शेकडा १८. हा निबंध छापून झाला होता, तरी दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, गावोगावचे नातेवाईक रात्री-अपरात्री प्लाझ्मा देणारा शोधीत फिरत होते. उपचारांच्या अधिकृत सूचनांतून तो वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी.

त्याच साथीत एक खरे औषधही सापडले, आणि तेही जुने व स्वस्त : डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, जून २०२० मध्ये, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर आल्याचे दिसले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत २६ वरून २३. वार्ता वणव्यासारखी पसरली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साधा ताप-खोकला असलेल्यांनाही घरबसल्या स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रोगी मोठ्या संख्येने आढळू लागले, तेव्हा मधुमेहाबरोबरच या अवाजवी स्टेरॉईडांकडेही डॉक्टरांनी बोट दाखविले. कोणाचे डोळे गेले, कोणाचा जबडा काढावा लागला. त्या मूळ निबंधातील कोष्टकात तिसरी एक ओळ होती. प्राणवायूची गरज नसलेल्या रोग्यांची ती ओळ. त्यांच्यात औषध न घेतलेल्यांचे मृत्यू शेकडा १४ होते, आणि घेतलेल्यांचे जवळजवळ १८.